आचारसंहितेतली पालकसभा : इंदुरातलं एक प्रकरण

मध्य प्रदेशात खाजगी शाळांच्या फीसाठी कायदा आहे, हे 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत आमच्या कॉलनीतल्या बहुतेक पालकांच्या गावीही नव्हतं. फी वाढली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस धुसफूस चालायची, कोणीतरी ‘आता काहीतरी करायलाच पाहिजे’ असं लिहायचं, चार जण अंगठा दाखवायचे, आणि महिन्याच्या दहा तारखेच्या आत सगळे मुकाट्याने पैसे भरून यायचे. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक लागली आणि पालकांनी ठरवलं की उमेदवाराला घरी मतं मागायला येऊ द्यायचंच, पण त्याआधी एकदा समोर बसवून धोरणाचे प्रश्न विचारायचे. त्या सभेची ही हकीकत, तयारीपासून पुढच्या वर्षभरात जे झालं तिथपर्यंत. शाळांची, उमेदवारांची आणि पालकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मुलं अजून त्याच शाळांत आहेत.

कॉलनी, सवय आणि कॅलेंडर

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर हा इंदूरचा पश्चिम-दक्षिण पट्टा मराठी माणसांचा म्हणून ओळखला जातो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी अशी इथल्या मुलांची विभागणी. नेत्यांशी बोलण्याची इथली एक जुनी रीत आहे. सुमित्रा महाजन 1989 पासून 2014 पर्यंत लागोपाठ आठ वेळा इंदुरातून लोकसभेवर निवडून गेल्या, शेवटच्या वेळी लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या. एवढ्या काळात ‘ताईंना सांगून बघू’ हे वाक्य मराठी घरांत अगदी अंगवळणी पडलं. रेल्वेचं आरक्षण असो, बदली असो, कोणाचा अडकलेला कागद असो. पण ही सगळी कामं होती. नेत्याला काम सांगायचं आम्हाला चांगलं जमतं. धोरण विचारायचं म्हटलं की माणसं चाचपडतात, कारण त्यात स्वतःचं असं काही लगेच पदरात पडत नाही.

निवडणूक 9 ऑक्टोबरला जाहीर झाली, आचारसंहिता त्याच दिवसापासून लागली. मतदान 17 नोव्हेंबरला. बैठकीची कल्पना निघाली ती कोजागिरीच्या दुधावर. त्या वर्षी 28 ऑक्टोबरला कोजागिरीच्याच रात्री चंद्रग्रहण होतं, त्यामुळे ज्येष्ठ मंडळींनी दूध दुसऱ्या दिवशीवर ढकललं होतं आणि रविवारी संध्याकाळी गच्चीवर निवांत गप्पा चालल्या होत्या. तारीख ठरवणं वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. अर्ज मागे घ्यायची मुदत 2 नोव्हेंबरला संपणार, म्हणजे त्याआधी बोलावलं तर समोरचा माणूस उमेदवार राहील की नाही याचीच खात्री नाही. 12 तारखेला दिवाळी. 15 च्या संध्याकाळी प्रचार बंद, त्यानंतर सभा घेता येत नाही. धनत्रयोदशीनंतर कोणी फिरकणार नाही हे उघड होतं. उरला एकच रविवार, 5 नोव्हेंबर. बायकांनी आधी साफ नकार दिला, कारण चकल्या-करंज्यांचे दिवस. शेवटी संध्याकाळी सहा ते साडेसात एवढंच, एक मिनिट जास्त नाही, या बोलीवर तडजोड झाली.

चाळणी

ग्रुपवर ‘प्रश्न पाठवा’ म्हटल्यावर प्रश्नांचा पाऊस पडला. त्यातले निम्मे तर प्रश्नच नव्हते, गाऱ्हाणी होती. ‘शाळेत एसी चालू नसतो पण पैसे घेतात.’ ‘मॅडम उलट बोलतात.’ एकाने आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा फोटोच पाठवला. ही यादी चाळायचं काम दोघांनी अंगावर घेतलं: बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, ज्यांची नात तिसरीत होती, आणि जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एक वहिनी.

वहिनींनी आधी प्रश्नांचे मालक शोधले आणि तसे तीन ढीग केले: दिल्ली, भोपाळ, महापालिका. शिक्षण हा घटनेच्या समवर्ती सूचीतला विषय, त्यामुळे दिल्लीचंही चालतं आणि भोपाळचंही. अभ्यासक्रम, बोर्डाची परीक्षा, सीबीएसईची संलग्नता हे विधानसभेच्या उमेदवाराला विचारून उपयोग नाही. शाळेच्या फाटकासमोरची गर्दी, नाली, स्पीडब्रेकर हे महापालिकेचं. शिक्षकांना निवडणुकीच्या ड्यूटीवर का पाठवता, हा एका आईचा तळमळीचा प्रश्न होता. सरकारी शाळेत शिकवणारी तिची बहीण महिनाभर मतदार याद्यांच्या मागे होती. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या तीन कामांची सूट दिलेली आहे. कायदा बदलायचा तर संसदेत. तो प्रश्नही गेला.

यानंतर एक भलतीच अडचण पुढे आली. इंदूर शहरात विधानसभेचे क्रमांकाने ओळखले जाणारे पाच मतदारसंघ, शिवाय राऊ. लोक सहज ‘चार नंबर’, ‘दोन नंबर’ असं बोलतात. आमच्या मुलांच्या शाळा मात्र बायपासकडे, राऊकडे, निपानियाकडे पांगलेल्या. म्हणजे आमची मतं एकाला आणि मुलांची शाळा दुसऱ्याच्या हद्दीत. अमुक शाळेचं अमुक करा म्हटलं की उमेदवार सरळ हात वर करणार. त्यामुळे एका शाळेचे सगळे प्रश्न बाद झाले आणि राज्यभर लागू होणारेच राहिले. ही अडचण नसती तर सभा गाऱ्हाण्यांतच बुडाली असती असं मला वाटतं.

वहिनींची दुसरी चाळणी जास्त कडक होती. ज्या प्रश्नाला ‘हो, नक्की करू’ एवढं उत्तर देऊन सुटता येतं तो प्रश्न काटायचा. दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न असाच गेला. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं केंद्राचं 2020 चं धोरण सांगतं, त्याला विरोध करणारा उमेदवार अजून जन्माला यायचाय. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते विचारून माणसाबद्दल काहीच कळत नाही.

आजोबांनी या काळात कायदा वाचून काढला. मध्य प्रदेशाचा खाजगी शाळांच्या फीचा कायदा 2017 चा, त्याचे नियम 2020 च्या डिसेंबरातले. तो सगळ्या बोर्डांच्या खाजगी शाळांना लागू. मागच्या वर्षापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत वाढ शाळा आपल्या अखत्यारीत करू शकते. दहा ते पंधरा टक्के असेल तर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती ठरवणार, पंधराच्या वर असेल तर प्रकरण राज्य समितीकडे. ठरावीक दुकानातूनच पुस्तकं किंवा गणवेश घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, गणवेश तीन वर्षांच्या आत बदलता येत नाही. नियम मोडला तर दंड दोन लाखांपासून सुरू होऊन सहा लाखांपर्यंत. हे त्यांनी ग्रुपवर टाकल्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: ‘मग आपल्या शाळेच्या टायवर शाळेचा बिल्ला आहे आणि तो एकाच दुकानात मिळतो, त्याचं काय?’

शेवटी पाच प्रश्न उरले. फीच्या दहा टक्क्यांचा, बसच्या भाड्याचा, बसच्या सुरक्षिततेचा, शिक्षण हक्काखाली शिकणाऱ्या मुलांचा आठवीनंतरचा, आणि मराठीचा. मराठीचा प्रश्न चाळणीत टिकणारा नव्हता. पण कॉलनीच्या अण्णांचा तो आग्रह होता आणि अण्णांना नाही म्हणायची कोणाची छाती नाही.

प्रश्न आधी पाठवायचे की नाही यावर मात्र खरंच भांडण झालं. तरुण बापांचं म्हणणं, आधी दिले तर कार्यालयातला कोणीतरी गुळगुळीत उत्तरं लिहून देईल. समोर अचानक विचारा, तोंड बघण्यासारखं होईल. वहिनी ठाम होत्या. अचानक विचारलं की नेता ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो, आणि तिथे विषय संपतो. आधी दिलं की ती पळवाट बंद. प्रश्नांचं पत्रक चार दिवस आधी गेलं. माझं मत वहिनींच्या बाजूने आहे. कोणाची फजिती बघायची असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी करंज्या सोडून कोणी येत नाही.

सभा कोणाची?

कॉलनीत दोनशे माणसं मावतील अशी एकच जागा, गणपतीच्या देवळामागचा हॉल. बारशी, मुंजी, साठीशांत सगळं तिथेच. साहजिकच तो ठरला आणि साहजिकच वहिनींनी तो रद्द करायला लावला. आचारसंहितेत देवळं-मशिदी प्रचारासाठी वापरायला मनाई आहे, आणि धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धचा 1988 चा केंद्राचा कायदा तर निवडणूक नसतानाही तिथे राजकीय कार्यक्रम करू देत नाही. ‘आपण कुठे प्रचार करतोय, प्रश्न तर विचारतोय’ असं ट्रस्टच्या काकांनी म्हणून पाहिलं. उमेदवार समोर बसून बोलला की तो प्रचारच, असं उत्तर मिळालं. सभा एका घराच्या पार्किंगमध्ये आणि पुढच्या रिकाम्या प्लॉटवर ठरली.

परवानगीतून जे निघालं ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं. निवडणूक आयोगाची परवानगीची ‘सुविधा’ ही ऑनलाइन सोय उमेदवारांसाठी आणि पक्षांसाठी आहे. उमेदवाराच्या कार्यालयाने तत्परता दाखवली आणि परवानगी आपल्या नावाने काढून टाकली. काम झालं, पण कागदावर पालकांची सभा उमेदवाराची सभा झाली. त्याचा अर्थ असा की खर्च त्याच्या खात्यात. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख, आणि जिल्हा प्रशासन प्रत्येक वस्तूचा दर ठरवून ठेवतं: खुर्ची, माइक, चहाचा कप, नाश्त्याची प्लेट. पोहे करायचं ठरलं होतं. कार्यालयातल्या मुलाने फोन करून विनंती केली की नुसता चहा ठेवा, प्लेटा मोजल्या जातील. इंदुरात पोह्यांशिवाय कार्यक्रम म्हणजे अगदीच सुतक, पण ऐकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोन कार्यकर्ते मोठा बॅनर घेऊन आले आणि मंचामागे बांधायला लागले. घरमालकीण काकू बाहेर आल्या. पुढचा संवाद असा झाला:

“ए बाळा, हे काय?”

“काकीजी, भैयाजी का बैनर है, परमिशन में है।”

“परमिशन असेल. भिंत माझी आहे.”

बॅनर खाली उतरला. पण तोवर त्याचा फोटो ‘भव्य पालक संवाद’ अशा मथळ्याखाली उमेदवाराच्या पानावर चढला होता. तो फोटो दुसऱ्या मुख्य उमेदवाराच्या माणसांनी पाहिला. त्यांनाही बोलावणं होतं, सातची वेळ दिली होती. त्यांनी कळवलं की दुसऱ्याच्या सभेत आमचे उमेदवार येणार नाहीत. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

या प्रकरणातली सगळ्यात कमकुवत जागा हीच. दोन उमेदवार एकामागून एक त्याच पाच प्रश्नांना सामोरे गेले असते तर तुलना झाली असती, ती गेली. आचारसंहिता लागायच्या आधी, सप्टेंबरात, हीच सभा घेतली असती तर ना परवानगीचा घोळ ना दरपत्रकाचा. पण सप्टेंबरात उमेदवार ठरलेले नसतात आणि गणपती असतात. बैठक कॉलनीच्या रहिवासी मंडळाने आपल्या नावाने अर्ज करून घ्यावी, उमेदवार फक्त पाहुणा असावा, ही वाट निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारून घेणं शहाणपणाचं ठरलं असतं.

ती संध्याकाळ

भैयाजी, म्हणजे ते उमेदवार, पाऊण तास उशिरा आले. तोवर पन्नास-साठ पालक, मागे ज्येष्ठ मंडळी, आणि रिकाम्या प्लॉटवर मुलांचं क्रिकेट. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “नमस्कार! सगळे कसे आहात? मी थोडी-थोडी मराठी बोलतो.” बस्स. मागच्या ओळीतल्या आज्यांचे चेहरे असे उजळले की पुढचे पाचही प्रश्न माफ झाल्यासारखं वाटलं. एकीने लगेच विचारलंही, “चहा घेणार ना?” परराज्यात तीन पिढ्या काढलेल्या माणसांना आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की काय होतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. नेत्यांनाही ते कळतं.

अण्णांचा मराठीचा प्रश्न म्हणूनच आधी घेतला गेला. राज्यघटनेच्या 350 क कलमाचा आधार देऊन त्यांनी विचारलं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला राज्याने झटावं असं म्हटलंय, तर इंदुरात मराठी मुलांसाठी सरकार काय करणार? भैयाजी अर्धा मिनिट होळकरांबद्दल, अहिल्यामातेबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. उत्तर मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकाचंही मूल मराठी माध्यमात नव्हतं. आपली मागणी आपणच गंभीरपणे घेत नसू तर दुसरा कशाला घेईल.

फीचा प्रश्न आजोबांनी मांडला. त्यांनी नातीचा पांढरा फळा आणला होता. वर लिहिलं: पहिली, 40,000. मग दरवर्षी दहा टक्के, कायद्यात बसणारी, कोणाचीही परवानगी न लागणारी वाढ. दुसरीत 44,000. तिसरीत 48,400. आकडे लिहिता लिहिता ते काही बोलत नव्हते, खडू नसलेल्या त्या मार्करचा फक्त किरकिर आवाज. आठवीपर्यंत आले तेव्हा फळ्यावर सुमारे 78,000 होते. “म्हणजे भैयाजी, एकही नियम न मोडता फी सात वर्षांत जवळपास दुप्पट. माझं पेन्शन दुप्पट होत नाही. हा दहाचा आकडा महागाईच्या दराशी बांधायला तुमचा पक्ष तयार आहे का? हो किंवा नाही.”

भैयाजी फळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सचिवाने फळ्याचा फोटो काढला. मग उत्तर आलं, “देखिए, ये विषय मेरे संज्ञान में है,” आणि गाडी शिक्षणाच्या महत्त्वाकडे वळली. आजोबांनी शांतपणे पुन्हा विचारलं, “हो किंवा नाही?” तेव्हा मात्र माणूस खरं बोलला. एकटा आमदार कायदा बदलू शकत नाही, विधेयक सरकार आणतं, आपण फार तर सभागृहात प्रश्न लावू शकतो किंवा अशासकीय विधेयक मांडू शकतो, आणि तशी विधेयकं पास होत नाहीत. वहिनींनी ‘प्रश्न लावू शकतो’ हे जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

आणि मग त्यांनी डाव उलटवला. हसत विचारलं की कायदा तुम्ही एवढा वाचलाय, जिल्हा समितीकडे आजवर किती जणांनी लेखी तक्रार दिली? हात वर करा.

एकही हात वर गेला नाही. मागे कोणीतरी खोकलं. कार्यकर्ते खुशीत एकमेकांकडे बघायला लागले. सभा तिथेच भैयाजींच्या खिशात गेली होती.

ती परत काढली तिसऱ्या ओळीतल्या एका आईने. एरवी ग्रुपवर कधी एक ओळ न लिहिणारी. ती उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली की तक्रार अर्जावर माझं नाव लिहायचं, म्हणजे माझ्या मुलाचं नाव लिहिण्यासारखंच आहे. अर्ज शाळेला उत्तरासाठी जाणार. दुसऱ्या दिवशी तो त्याच वर्गात बसणार. प्रॅक्टिकलचे मार्क त्याच बाई देणार. “मी तक्रार केली नाही, कारण मला भीती वाटते. तुम्ही माझ्या जागी असता तर केली असती?”

पत्रकात नसलेला हा प्रश्न त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा धोरणाचा प्रश्न होता. फीचा कायदा पालकाच्या तक्रारीवर उभा राहतो आणि पालक तक्रार करत नाही. मग कायदा असून नसल्यासारखा. वहिनींनी तो तिथल्या तिथे कायद्याच्या भाषेत बसवला: पालकाच्या अर्जाची वाट न पाहता जिल्हा समितीने स्वतःहून शाळांच्या फीचे आणि पुस्तकांच्या यादीचे तपशील मागवावेत, आणि जी शाळा देणार नाही तिचं नाव जाहीर करावं, अशी मागणी तुम्ही कलेक्टरांकडे लेखी कराल का, निवडून आलात तरी आणि पडलात तरी? भैयाजी जरा थांबले. ‘पडलात तरी’ त्यांना लागलं असावं. म्हणाले, करीन. तारीख विचारली. म्हणाले, शाळांचं नवं सत्र एप्रिलपासून, त्याआधी. सचिवाने तेही लिहून घेतलं, यावेळी कोणी न सांगता.

बसचा विषय निघाला तेव्हा साडेसात कधीच वाजून गेले होते. इंदुरात 5 जानेवारी 2018 विसरलेला पालक सापडणार नाही. बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली, चार मुलं आणि चालक गेले. त्यानंतर जो धडाका झाला तो सगळ्यांनी पाहिला होता, वेग नियंत्रक, जीपीएस, तपासणीच्या मोहिमा. विचारायचं होतं ते एवढंच की तपासणीचा निकाल पालकाला कुठे बघायला मिळेल. बसचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, वेग नियंत्रकाची तारीख दिसावी. यावर भैयाजींनी मनापासून मान डोलावली आणि हे ‘अच्छा सुझाव’ असल्याचं सांगितलं. वहिनींच्या चाळणीतून हा प्रश्न निसटला होता म्हणायचं. बसचं भाडं फीच्या बाहेर ठेवून शाळा दहा टक्क्यांची मर्यादा चुकवतात, ते फीत धरावं, ही मागणी त्याच ओघात उरकली.

शेवटचा प्रश्न कॉलनीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी स्वतः विचारला. त्यांचा मुलगा शिक्षण हक्काच्या 25 टक्क्यांतून लॉटरीने एका चांगल्या शाळेत लागला होता आणि तेव्हा आठवीत होता. कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. “नववीत काय करायचं?” एवढंच त्या म्हणाल्या. भैयाजींनी हा केंद्राचा कायदा असल्याचं सांगितलं. ते बरोबर होतं आणि अर्धवट होतं. केंद्राने किमान मर्यादा घातली आहे. राज्याने आपल्या पैशाने त्या मुलांना बारावीपर्यंत नेऊ नये असं कुठेही म्हटलेलं नाही. वहिनींनी ते सांगितलं. एव्हाना कार्यकर्ते गाडीचं दार उघडून उभे होते.

पुढचं वर्ष

दुसऱ्या उमेदवाराच्या कार्यालयाने पाचही प्रश्नांना लेखी उत्तरं पाठवली, त्यातली बहुतेक जाहीरनाम्यातून उचललेली. निकाल 3 डिसेंबरला लागला. कोण निवडून आलं ते इथे सांगत नाही, कारण मग वाचणारे त्याच चष्म्यातून वाचतात.

भैयाजींनी कलेक्टरांना लिहायचं कबूल केलं होतं त्या पत्राचं स्मरण वहिनींनी फेब्रुवारीत करून दिलं. पत्र गेलं, त्याची प्रत मार्चमध्ये मिळाली, तीन ओळींचं होतं. त्याच सुमाराला कॉलनीतल्या मुलांच्या दोन शाळांनी पुस्तकांची यादी प्रकाशकांच्या नावांसह संकेतस्थळावर टाकली. पत्राचा परिणाम की योगायोग, कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आजोबा योगायोग म्हणतात.

मे 2024 मध्ये जबलपूरच्या जिल्हा प्रशासनाने याच कायद्याचा आधार घेऊन 11 खाजगी शाळांविरुद्ध गुन्हे नोंदवले आणि जास्त घेतलेली फी परत करायचे आदेश दिले. कायदा तोच, नियम तेच. स्वतःहून हात घातला की काय होऊ शकतं ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलं, आणि तिसऱ्या ओळीतल्या त्या आईने ती बातमी ग्रुपवर टाकली, तिची पहिलीच पोस्ट.

लोकसभेच्या वेळी पुन्हा सभा घ्यायचं घाटत होतं, यावेळी दिल्लीच्या ढिगातल्या प्रश्नांसाठी. पण 29 एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली आणि समोरासमोर बसवायला दुसरी मोठी बाजूच उरली नाही. त्या निवडणुकीत इंदुरात ‘नोटा’ला दोन लाखांहून जास्त मतं पडली.

डिसेंबर 2024 मध्ये विधानसभेने फीच्या कायद्यात दुरुस्ती केली. बसचं भाडं वार्षिक फीत धरलं गेलं, म्हणजे आमच्या पत्रकातली एक मागणी शब्दशः मान्य झाली. तिच्यासाठी राज्यभरातून ओरड होत होती, त्यामुळे श्रेय आमच्याकडे येत नाही. त्याच दुरुस्तीने वार्षिक 25,000 पर्यंत फी घेणाऱ्या शाळा मात्र कायद्याच्या बाहेर गेल्या. लहान गल्लीतल्या, स्वस्त खाजगी शाळांत मुलं घालणाऱ्या पालकांना आता या समितीचा आधार नाही, आणि आमच्या सभेत त्यांच्यातलं जवळजवळ कोणी नव्हतं. पोळ्या करणाऱ्या मावशी आल्या होत्या, त्याही प्लॉटच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. खुर्चीवर बसा म्हणून काकूंनी दोनदा सांगावं लागलं. दहाचा आकडा जिथे होता तिथेच आहे.

त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने, 2018 च्या अपघातातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर, शाळेच्या बससाठी सविस्तर निर्देश दिले: बारा वर्षांपेक्षा जुनी बस नको, वेग नियंत्रक, जीपीएस आणि कॅमेरा हवा, ऑटोत तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. पाच उमेदवारांना पाच वेळा विचारून जे मिळालं नसतं ते एका याचिकेने दिलं, फक्त त्याला जवळपास सात वर्षं लागली.

मावशींचा मुलगा नववीत सरकारी शाळेत गेला. आधीच्या शाळेने अर्ध्या फीची तयारी दाखवली होती, पण अर्धी फीही त्यांच्या आवाक्याबाहेर होती.

इंदूर महापालिकेची मुदत 2027 मध्ये संपते. वहिनींनी आतापासून महापालिकेच्या ढिगातले प्रश्न वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेत. अर्ज रहिवासी मंडळाच्या नावाने करायचा, फोटो सभा संपल्यावरच, आणि पलीकडच्या वस्तीतल्या 25,000 च्या आतल्या शाळांचे पालक आधी बोलतील, एवढं ठरलंय. अण्णा मराठीचा प्रश्न सोडायला तयार नाहीत. नगरसेवकाचा त्याच्याशी काय संबंध, असं आजोबांनी विचारून पाहिलं. वाद चालू आहे.